डोंगराची नाडी पाहणारा अभियंता

पावसाळ्यात बोरघाट ओलांडणाऱ्या रेल्वेप्रवाशाचे लक्ष धबधब्यांकडे असते. घाटाची निगा राखणाऱ्यांचे लक्ष मात्र रुळांच्या वर टेकलेल्या दगडांकडे असते. वरवर भक्कम दिसणारा उतार नेमका केव्हा दगा देईल, हा मावळच्या या घाटातील जुना प्रश्न आहे. लोहमार्ग बांधताना त्याला प्रथम सामोरे गेले ते 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'चे मुख्य निवासी अभियंता जेम्स जॉन बर्कली.

बर्कली यांचा जन्म १८१९ मध्ये लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. किंग्ज कॉलेजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर विख्यात रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली त्यांनी अनुभव मिळवला. १८४९ मध्ये त्यांची भारतातील पदावर नेमणूक झाली आणि पुढील वर्षी ते मुंबईत दाखल झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. हा मार्ग अवघा ३४ किलोमीटरचा आणि बहुतांशी सपाटीचा होता. कसोटी सह्याद्रीत होती.

देशावर चढण्यासाठी प्रथम माळशेज घाटाचा विचार झाला होता. बर्कली यांनी तो बाजूला ठेवून नाशिककडे थळ घाट आणि पुण्याकडे बोरघाट निवडला. बोरघाटातून १८३० पासून गाडीरस्ता होता. पण बैलगाडीला चालणारी वळणे व चढ आगगाडीला चालणारे नव्हते. त्यामुळे डोंगराची नव्याने मोजणी करावी लागली. जेथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेथे माणसे दोराने कड्यावरून खाली सोडण्यात आली.

सह्याद्री लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे. कठीण काळ्या पाषाणाच्या मध्ये ठिसूळ, झिजलेले थर आढळतात. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, ठिसूळ थरापाशी अडते आणि वरच्या मातीदगडांचा आधार सैल करते. हिमालयात किंवा आल्प्समध्ये बर्फावरून जाणाऱ्यांनाही हाच हिशेब मांडावा लागतो. वरचा बर्फ कितीही घट्ट असला, तरी खालचा थर कच्चा असेल तर संपूर्ण उतार हिमलोट होऊन खाली येतो. बर्फ असो वा पाषाण, धोका पृष्ठभागावर दिसत नाही. तो दोन थरांच्या सांध्यात दडलेला असतो.

घाटाचे काम १८५६ च्या प्रारंभी सुरू झाले. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात मार्गाला १,८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल योजण्यात आले. सलग चढ साधेना, तेथे खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे स्थानक उभारले गेले.

पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे, तर कोरड्या दिवसांत मजुरांमध्ये पटकीची साथ पसरे. मजुरीच्या थकबाकीवरून दंगलही उसळली. १८५९ मध्ये पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल यांचे अल्पावधीतच निधन झाले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांवर माणसे राबत होती. त्यांपैकी जे दगावले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली, अशी आख्यायिका मावळात सांगितली जाते. त्याच्या स्मरणार्थ घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे.

१४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून वा तट्टावरून चढावा लागे. ही तूट भरून निघालेली पाहणे बर्कली यांच्या नशिबी नव्हते. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी निवर्तले. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. जुलै १८६७ मध्ये माहू-की-माळी येथील कमानी पूल कोसळला. कच्च्या दगडी बांधकामावर त्याचा ठपका आला. मार्गाची आखणी निर्दोष असून भागत नाही, बांधणीही तितकीच पक्की हवी, हे त्या पावसाने दाखवून दिले.

मुंबई विद्यापीठाने स्थापत्य अभियांत्रिकीसाठी बर्कली यांच्या नावाने पदक ठेवले. पुण्यात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याचे मानकरी ठरले. उलट दिशेचे स्थानक १९२९ मध्ये नव्या बोगद्यांमुळे निकालात निघाले. डोंगर मात्र तोच आहे. जुलै २०१५ मध्ये शेजारच्या द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचे बळी गेले. २०१९ च्या पावसाळ्यात घाटातील रेल्वेवाहतूक वारंवार खंडित झाली.

आता कड्यांना पोलादी जाळ्या आहेत. तरीही पावसाळ्यापूर्वी रेल्वेच्या तुकड्या दोर बांधून कड्यावर उतरतात, दगड ठोकून पाहतात आणि सैल दगड आधीच खाली पाडतात. बर्कली यांच्या काळातही डोंगराची पारख दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांच्या हातीच होती.