बियाण्यांचा यात्रिक : निकोलाय वाविलोव्ह

काजू आपल्या गोमंतकात आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून, ब्राझीलहून. बटाट्याचे तर नावही त्यांच्याच भाषेतले. मायभूमी सोडून परमुलुखी गेलेल्या वनस्पतीच्या अंगी काय पालट होतो, या प्रश्नाच्या पाठीमागे एका रशियन शास्त्रज्ञाने निम्मे जग पालथे घातले.

निकोलाय इवानोविच वाविलोव्ह यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोतील एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेतकीचे शिक्षण संपवून १९१३ साली ते इंग्लंडात गेले व आनुवंशशास्त्राचे आचार्य बेटसन यांच्यापाशी शिकले. पुढे पामीर, अफगाणिस्तान, अबिसीनिया, चीन, मेक्सिको, पेरू अशी त्यांची भ्रमंती झाली. खेचरांच्या पाठीवरून, दरडींच्या कडेने ते हिंडले, आणि बरोबर आणले काय, तर मूठमूठ बियाणे!

एखादे पीक ज्या मुलुखात प्रथम माणसाच्या हाती लागले, तेथे त्याचे वाण बहुधा विपुल असतात; तेथून दूर जावे तसतसे ते विरळ होतात, असे त्यांच्या ध्यानी आले. १९२६ साली त्यांनी हे ग्रंथरूपाने मांडले. कारण अवघड नाही. प्रवासी सारे शेत नेत नाही, मूठभर दाणे नेतो. त्या मुठीत जे गुण आले तेवढेच नव्या भूमीचे भांडवल; उरलेले मागे राहतात. मूळ प्रदेशात प्रबळ गुणांखाली झाकलेले गुण सीमेवर उघडे पडतात, असेही त्यांचे मत होते. त्यांचे सर्वच आडाखे पुढे तंतोतंत ठरले नाहीत. काही पिकांचे वैविध्य जन्मभूमीबाहेरही आढळले. पण मुठीची गोष्ट टिकली. आज पशुपक्ष्यांच्या प्रसारालाही ती लावतात.

हे भांडवल अपुरे पडले म्हणजे काय होते, ते आयर्लंडने भोगले होते. तेथील बटाटा मोजक्याच वाणांचा, तोही कंदाच्या फोडींपासून वाढविलेला, म्हणून शेतभर एकसारखा. १८४५ साली रोग आला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली. अशा रोगांना तोंड देणारे गुण पिकांच्या जन्मभूमीत शोधावे, यासाठीच वाविलोव्ह बियाणे जमवीत होते. लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत दोन लाखांहून अधिक नमुने गोळा झाले.

परंतु आनुवंशशास्त्रच खोटे म्हणणारा लिसेंको स्टालिनच्या मर्जीत बसला. वाविलोव्ह यांनी माघार घेतली नाही. ऑगस्ट १९४० मध्ये बियाणे गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. प्रथम देहदंड, मग वीस वर्षांची कैद. जगाची भूक भागवू पाहणारा हा पुरुष २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून वारला. १९५५ साली सरकारने त्यांना निर्दोष ठरविले.

इकडे १९४१ पासून लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. संस्थेतील सहकारी अन्नाविना एकेक करून गेले. भाताच्या वाणांची राखण करणारे दिमित्री इवानोव्ह यांनी प्राण सोडला, तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. बियाण्याला त्यांनी हात लावला नव्हता.