दौलतराव शिंदे आणि तोड्याची बंदूक

अंजनगाव सुर्जीचे नाव निघाले की वऱ्हाडातल्या माणसाला पानमळे आठवतात, पानपिंपळी आठवते, देवनाथ मठ आठवतो. ३० डिसेंबर १८०३ चा तह मात्र शाळेतल्या सनावळीपुरता उरला आहे. मला त्या तहातले एक कलम नेहमी खटकते. त्याकडे येतोच, पण आधी ज्यांना तो करावा लागला त्या दौलतराव शिंद्यांकडे वळू.

महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांना मुलगा नव्हता. भावाचा नातू दौलतराव जेमतेम पंधरा वर्षांचा, आणि त्याच्या हाती आली हिंदुस्थानातली एक अव्वल फौज.

त्या काळी आपल्याकडचा शिपाई तोड्याची बंदूक वापरी. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची आणि पेटत्या तोड्याने बार उडवायचा. पाऊस आला की तोडा विझे. रात्री त्याचा निखारा शत्रूला ठिकाण सांगे. तरी ती स्वस्त, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येण्याजोगी, आणि सरावलेल्या हातात नेमही चांगला साधणारी. तिला नुसते टाकाऊ म्हणणे मला पटत नाही. महादजींच्या चाकरीतल्या डी बॉईनने कवायती पलटणींना चकमकीच्या बंदुका आणि संगिनी दिल्या. त्याही तोंडाकडूनच ठासायच्या, पण तोड्याची कटकट गेली. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतून देई, आणि विलायतीच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत तयार होई असे लिहून ठेवलेले आहे. नजीब पलटणींकडे मात्र तोड्याच्याच बंदुका राहिल्या. म्हणजे नवे आणि जुने एकाच छावणीत नांदत होते.

डी बॉईन १७९५ च्या अखेरीस निघून गेला. जागी पेरॉन आला. इकडे दौलतराव पुण्याच्या राजकारणात गुंतले. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या बायजाबाईंशी लग्न झाले आणि सासऱ्याच्या कारभाराने पुणेकर हैराण झाले. महादजींच्या विधवा बायकांशी भांडण, होळकरांशी वैर. फौजेकडे स्वतः लक्ष द्यायला धन्याला सवड नव्हती.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. कंपनीने जाहीरनामा काढताच शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी निघून गेले. सप्टेंबरात खुद्द पेरॉननेही इंग्रजांचा आश्रय घेतला. २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या तोफा गप्प केल्या, त्याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. तरी मैदान त्याने मारले. पलटणींचा सरदार पोलमन पुढे कंपनीच्याच चाकरीत गेला. नोव्हेंबरात लासवाडीला बहुतेक साहेब गेलेले असतानाही शिपाई आणि गोलंदाज तोफांपाशी झुंजत मेले. बंदुकीत खोट नव्हती, शिपायात तर नव्हतीच.

मग युद्ध आपल्या दारात आले. २९ नोव्हेंबरला अकोटपलीकडच्या अडगावला भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ उभे राहिले. सुरुवातीच्या तोफमाऱ्याने कंपनीच्या काही पलटणी चक्क मागे पळाल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः सावरले आणि दिवस जिंकला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला, आणि महिनाअखेरीस शिंद्यांची पाळी आली.

तहात गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. आणि ते कलम : फ्रेंचांना किंवा इंग्रजांच्या अन्य शत्रूंच्या माणसांना चाकरीत ठेवायचे नाही, इंग्रजांनाही कंपनीच्या संमतीशिवाय नाही. वेलस्लीला ठाऊक होते की तोफा पुन्हा ओतता येतात. त्या विद्येसाठी दौलतरावांनी परक्यांवर भिस्त ठेवली होती, आणि घरच्या शिपायाला सरदारकीपर्यंत शिकवून ठेवले नव्हते. सही झाली तेव्हा त्यांचे वय चोवीसच्या आसपास होते.

पुढे १८१० मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचेच लष्कर हे शहर झाले. १८१८ मध्ये अजमेरही सोडावे लागले. २१ मार्च १८२७ रोजी ते ग्वाल्हेरला वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. दत्तक बायजाबाईंनी घेतला.