बेन्झीनचं कोडं सोडवलं, पण एरिक ह्युकेल यांना पूर्ण प्रोफेसर व्हायला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं

कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये टाकतात ती डांबरगोळी आठवतेय? ती पूर्वापार ज्या नॅफ्थलीनपासून बनते ते कोळशाच्या डांबरातून निघतं. त्याच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी एकमेकांना चिकटलेली असतात. असं एकच कडं असेल तर ते बेन्झीन, आणि बरीच कडी जोडली की तयार होते रेणूंची एक मोठी बिरादरी.

या बिरादरीनं रसायनशास्त्रज्ञांना जवळपास शंभर वर्षं छळलं. फॅराडे यांनी १८२५ मध्ये बेन्झीन शोधलं, केकुले यांनी १८६५ मध्ये त्याचं कडं कागदावर मांडलं. त्यात एक आड एक दुहेरी बंध होते. आता दुहेरी बंध म्हटला की तो चटकन कशाशीही अभिक्रिया करणार. बेन्झीन मात्र ढिम्म. असं का, याचं पटेल असं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते दिलं एरिक ह्युकेल यांनी, आणि ते होते भौतिकशास्त्रज्ञ.

९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये त्यांचा जन्म झाला. बालपण आणि शिक्षण ग्योटिंगेनमध्ये. पहिल्या महायुद्धात शिक्षण अर्धवट राहिलं आणि त्यांनी प्रांट्ल यांच्याकडे वायुगतिकीचं काम केलं. १९२१ मध्ये पीटर डिबाय यांच्या हाताखाली पीएचडी झाली. मग काही काळ थेट हिल्बर्ट आणि बॉर्न यांचे सहायक. इतकी तगडी नावं फार कमी लोकांच्या बायोडेटावर असतात.

डिबाय झुरिकला गेले, मागोमाग ह्युकेलही गेले. १९२३ मध्ये दोघांनी मिठासारखे पदार्थ पाण्यात विरघळल्यावर त्यांचे आयन कसे वागतात याचा सिद्धांत मांडला. डिबाय-ह्युकेल सिद्धांत आजही पाठ्यपुस्तकात आहे. तिथंच थांबले असते तरी नाव राहिलंच असतं.

पण दशकाच्या शेवटी ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले आणि बोर यांनी त्यांना दुहेरी बंधाचा प्रश्न सुचवला. घरात मदतही होती, कारण मोठे भाऊ वाल्टर सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. रसायनशास्त्रज्ञांना नेमकं काय खटकतंय, हे एरिक यांना त्यांच्याकडून कळायचं.

१९३१ मध्ये बेन्झीनवरचा निबंध आला. त्यातली युक्ती अशी, की कार्बनच्या चारपैकी तीन इलेक्ट्रॉन कड्याचा सांगाडा धरून ठेवण्यात गुंततात. उरलेला चौथा कड्याच्या वर-खाली पसरलेला असतो आणि तो कुणा एका बंधाचा नसून अख्ख्या कड्याचा असतो. म्हणून गणित फक्त या चौथ्या इलेक्ट्रॉनचं करायचं.

गणिताचं उत्तर समजायला चाळ डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर एकच खोली, वर प्रत्येक मजल्यावर दोन, आणि एका खोलीत जास्तीत जास्त दोघे. इलेक्ट्रॉन खालून भरत जातात. मजले पूर्ण भरायला २, ६, १० किंवा १४ जण लागतात. बेन्झीनचे सहा इलेक्ट्रॉन दोन मजले पूर्ण भरतात, म्हणून ते शांत. चार कार्बनच्या कड्यात चारच इलेक्ट्रॉन असतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकेकटे दोघे, आणि म्हणून तो रेणू क्षणभरही स्वस्थ बसत नाही.

इतकं नेटकं उत्तर असूनही फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

निबंध छापला होता भौतिकशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात, आणि तोही गणितानं गच्च भरलेला. रसायनशास्त्रज्ञ तिकडे फिरकले नाहीत, आणि भौतिकशास्त्रज्ञांना हे रसायनशास्त्र वाटलं. त्यात अमेरिकेतून लायनस पॉलिंग आपला रेझोनन्सचा सिद्धांत घेऊन आले. तो कागदावर चित्रं काढून समजायचा आणि पॉलिंग तो सांगायचेही झकास. ह्युकेल यांना आपलं काम खपवता आलं नाही, हा त्यांचा खरा तोटा.

मारबुर्ग विद्यापीठात ते वर्षानुवर्षं दुय्यम प्राध्यापक राहिले. पूर्ण प्रोफेसरपद मिळालं तेव्हा निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. नोबेल तर कधीच मिळालं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलं. ब्रिटनमध्ये कूल्सन आणि लाँगेट-हिगिन्स यांनी त्यांची पद्धत उचलली. आज विद्यार्थी घोकतात ते ४ न + २ हे सूत्र खुद्द ह्युकेल यांनी या रूपात लिहिलंच नव्हतं. ते १९५१ मध्ये अमेरिकेतल्या डोअरिंग यांनी तसं मांडलं. १९५४ मध्ये डोअरिंग आणि नॉक्स यांनी सात कार्बनचा, सहा इलेक्ट्रॉनांचा धनभारित आयन ओळखला. तो ह्युकेल यांच्या गणिताबरहुकूम स्थिर निघाला.

नियमाला मर्यादा आहे. तो एकट्या कड्यासाठी आहे. चार कड्यांच्या पायरीनमध्ये १६ आणि सात कड्यांच्या कोरोनीनमध्ये २४ असे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही आकडे नियमात बसत नाहीत, तरी दोन्ही रेणू स्थिर आहेत.

मग बारा षटकोनांची गोल माळ केली तर? १९७८ मध्ये डीडेरिख आणि श्टाब यांनी जर्मनीत ती प्रत्यक्षात बनवली आणि नाव ठेवलं केक्युलीन. तिच्या आतल्या परिघावर १८ कार्बन आणि बाहेरच्या परिघावर ३०. हे दोन्ही आकडे नियमात चपखल बसतात. म्हणजे इलेक्ट्रॉन या दोन मोठ्या कड्यांमधून धावत असतील का? मोजणीतून तसं दिसलं नाही. एक सोडून एक षटकोनात सहा-सहाचे गट करून ते बसले होते, म्हणजे जणू सहा बेन्झीन. एरिक क्लार या रसायनशास्त्रज्ञाच्या कल्पनेप्रमाणे असंच व्हायला हवं होतं.

तेव्हा ह्युकेल ऐंशीच्या पुढे होते. आदल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना परदेशी सदस्य करून घेतलं होतं. १६ फेब्रुवारी १९८० रोजी मारबुर्गमध्ये त्यांचं निधन झालं. २०१९ मध्ये स्पेन आणि झुरिकच्या संशोधकांनी केक्युलीनच्या एकेका रेणूची सूक्ष्मदर्शकातून प्रतिमा घेतली, त्यातही सहा-सहाचेच गट दिसले.