हार्वे कुशिंग : डॉक्टर की इंजिनीअर?

आपल्या वर्गात बारावीला मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलेली बरीच मंडळी आहेत. मेडिकल थोडक्यात हुकलं आणि इन्स्ट्रुमेंटेशनला आली. मीही त्यातलीच! थर्ड इयरच्या सेमिनारला मी इलेक्ट्रोसर्जिकल युनिट हा विषय घेतला. सर्किट डायग्रॅम शोधता शोधता एक माणूस सापडला आणि सर्किट बाजूलाच राहिलं. त्या माणसाचं नाव डॉ. हार्वे कुशिंग. मेंदूच्या ट्यूमरची शस्त्रक्रिया आज जी आहे, तिचा पाया त्याने घातला. आणि गंमत म्हणजे त्याची अर्धी कारकीर्द तुम्हा-आम्हाला ओळखीची वाटावी अशी आहे.

कुशिंगचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावचा. दहा भावंडांत सगळ्यात धाकटा. घरात पिढ्यान् पिढ्या डॉक्टरकी. येलमधून तो १८९१ मध्ये पदवीधर झाला आणि हार्वर्डमधून १८९५ मध्ये डॉक्टर.

विद्यार्थी असताना त्याला एका ऑपरेशनच्या वेळी रोग्याला इथर द्यायला सांगितलं. आजच्यासारखे ॲनेस्थेशियाचे तज्ज्ञ तेव्हा नव्हते, शिकाऊ पोरांनाच हे काम देत. तो रोगी टेबलावरच गेला. विचार करा, आपल्याच वयाचा मुलगा आणि हातून माणूस गेलेला! कुशिंग शिक्षण सोडून द्यायला निघाला होता. पण तो थांबला. कॉडमन नावाच्या वर्गमित्राबरोबर त्याने पैज लावली की कोण जास्त चांगलं इथर देतो ते पाहू, हरेल त्याने जेवण द्यायचं. आणि पैजेचा निकाल लावायला दोघांनी एक तक्ता बनवला. ऑपरेशन चालू असताना ठरावीक वेळाने नाडी किती, श्वास किती, हे ग्राफवर मांडायचं. आज प्रत्येक ओ.टी.मध्ये जो ॲनेस्थेशिया चार्ट भरतात, त्याची सुरुवात ही अशी झाली. आपण जर्नल लिहायला कंटाळतो ना? त्याची जर्नल एका मृत्यूतून सुरू झाली होती.

१८९६ मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हॉलस्टेड या सर्जनच्या हाताखाली गेला. १९०० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात त्याने प्राण्यांवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. कवटी म्हणजे बंद डबा. आतला दाब वाढला की मेंदूला रक्त पोचेना, मग शरीर आपोआप रक्तदाब वाढवतं आणि नाडी मंदावते. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क फीडबॅक लूप! याला आजही कुशिंग रिफ्लेक्स म्हणतात. इटलीतल्या पाव्हिया गावी त्याने रिव्हा-रोची या डॉक्टरचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत आणलं. सुरुवातीला कित्येक डॉक्टरांना ते फालतू वाटलं. नाडी बोटांनी कळते की, यंत्र कशाला, असा त्यांचा सूर! कुशिंग मात्र मोजत राहिला.

त्या काळी मेंदूचं ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा रोग्याच्या शेवटाची सुरुवात असायची. सगळ्यात मोठा शत्रू रक्तस्राव. पोटात शिर कापली गेली तर चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. मेंदू मऊ, जागा अरुंद, तिथे गाठ मारायची कशी? १९११ मध्ये कुशिंगने त्यावर उत्तर प्रसिद्ध केलं. चांदीच्या तारेच्या इवल्याशा क्लिपा. चिमट्याने शिरेवर बसवायच्या आणि दाबायच्या, बस्स. इतकी साधी आयडिया, पण तिने माणसं वाचवली.

१९१२ च्या सुमारास तो बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये आला आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिला. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला त्याने १९२२ मध्ये मेनिंजिओमा हे नाव दिलं. हे वाचताना मी जरा थबकले. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या रिपोर्टवर हाच शब्द होता. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी समजावलं की प्रत्येक ट्यूमर म्हणजे कॅन्सर नव्हे, ही गाठ बहुधा साधी असते आणि काढता येते. मावशी आज ठणठणीत आहे. त्या एका शब्दामागे कुणीतरी वर्षानुवर्षं गाठी कापून, तपासून, वेगवेगळ्या करून ठेवल्या होत्या. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली याच्याबरोबर कुशिंगने ग्लायोमांचीही अशीच वर्गवारी केली. त्यांतले काही खरोखर जीवघेणे कॅन्सर असतात. कुठला रोगी किती जगेल, हे त्यातून कळू लागलं.

१९२६ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात विचित्र वर्ष असावं. गुरुतुल्य डॉ. ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. जून महिन्यात त्याचा मोठा मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी सकाळी आली. त्या दिवशी एक ऑपरेशन ठरलेलं होतं. कुशिंगने ते केलं, आणि मगच तो गेला. हे वाचून मला आधी रागच आला, असा कसा बाप? मग वाटलं, टेबलावर जो होता तोही कुणाचा तरी कोणीतरी होताच.

आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आपल्या सेमिनारचा हीरो आला! विल्यम बोवी. हा डॉक्टर नव्हे. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी., पण हात कायम यंत्रात. त्याने हाय फ्रीक्वेन्सी करंटवर चालणारं यंत्र बनवलं होतं. घरातल्या ५० हर्ट्झच्या करंटने स्नायू आखडतात, शॉक बसतो. फ्रीक्वेन्सी लाखांच्या घरात नेली की नसा आणि स्नायू प्रतिसादच देत नाहीत, फक्त उष्णता तयार होते. टोक बारीक असल्याने तिथे करंट डेन्सिटी प्रचंड, आणि शरीराखालची प्लेट मोठी म्हणून तिथे भाजत नाही. सलग वेव्ह दिली तर पेशी कापल्या जातात, तुटक दिली तर रक्त गोठतं. डोक्यावरच्या गाठीच्या एका रोग्याचं ऑपरेशन कुशिंगला तीन दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावं लागलं होतं. बोवीच्या यंत्राने ती गाठ निघाली. त्यानंतर कुशिंगने, आता काही करता येणार नाही असं सांगून घरी पाठवलेले रोगी परत बोलवायला सुरुवात केली! कल्पना करा, त्या घरांत ते पत्र पोचलं तेव्हा काय झालं असेल. यंत्र सुरुवातीला गुणी नव्हतं हं. एकदा तर करंट कुशिंगच्याच हातातून गेला. तरी दोघांनी नाद सोडला नाही.

सगळंच जिंकला असंही नाही. जनरल लिओनार्ड वूड यांची गाठ त्याने १९१० मध्ये काढली होती. नंतर वूड सैन्यदलाचे प्रमुख झाले, फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गाठ पुन्हा वाढली. ऑगस्ट १९२७ मध्ये दुसऱ्या ऑपरेशननंतर रक्तस्रावाने ते गेले. हातात नवं यंत्र असूनही! आणि माणूस म्हणून कुशिंग सोपा नव्हता. हाताखालच्या लोकांना जाम झापायचा. वॉल्टर डँडी या हुशार ज्युनिअरशी त्याचं आयुष्यभर जमलं नाही.

पण हिशेब त्याने खरा ठेवला. लुईझ आयझेनहार्ट ही त्याची सहकारी ऑफिसातल्या कामापासून सुरू करून पुढे नामांकित पॅथॉलॉजिस्ट झाली. प्रत्येक ट्यूमर, प्रत्येक मृत्यू तिच्या वहीत नोंदलेला असे. अपयशही! १९३१ मध्ये खात्री केलेल्या ट्यूमरचा आकडा २,००० वर गेला. शेवटच्या वर्षांत ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं होतं, आणि तेही पेनिसिलिन, सी.टी. स्कॅन यांतलं काही नसताना.

७ ऑक्टोबर १९३९ ला कुशिंग हृदयविकाराने गेला. शवविच्छेदनात त्याच्या स्वतःच्या मेंदूत एक छोटी गाठ सापडली. त्याला तिचा पत्ताही नव्हता!

त्याने जपलेले मेंदू आणि ट्यूमर बरण्यांसकट येलमध्ये होते, पण पुढे कित्येक वर्षं एका हॉस्टेलच्या तळघरात धूळ खात पडले. तिथली मेडिकलची पोरं रात्री चोरून खाली उतरायची, बरण्या पाहायची आणि भिंतीवरच्या पोस्टरवर नाव लिहून यायची. (हॉस्टेल कुठलंही असो, पोरं सारखीच!) शेवटी २०१० मध्ये त्या नीट मांडून सगळ्यांसाठी खुल्या झाल्या.

बोवीला या शोधातून फारसा पैसा मिळाला नाही. पण अमेरिकेतले सर्जन आजही ते यंत्र मागताना फक्त त्याचं नाव घेतात. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधाल, तेव्हा नेहमीची जुनी यादी चाळण्याआधी एकदा जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओ.टी.बाहेर जाऊन सिस्टरना विचारा, कुठली वस्तू तुम्हाला रोज छळते म्हणून. एखादा कुशिंग तिथे आपल्या बोवीची वाट बघत असेल.