एकच बाबूजी, किती रूपे!

गणेशोत्सवाचे दिवस आले की आपल्या मंडळात दरवर्षी एक गंमत दिसते. कंपनीच्या गेटवर ज्यांना आपण वर्षभर कपाळाला आठ्या घालून आत शिरताना पाहतो, तेच गृहस्थ मंडपात कमरेला उपरणे बांधून पंक्तीत वाढत असतात. ज्या वहिनी सोसायटीच्या बैठकीत तोंडातून शब्द काढत नाहीत, त्या मंगळागौरीच्या खेळात अशी फुगडी घालतात की पाहणाऱ्यांना घेरी यावी. आम्हीही काही वेगळे नाही. सायलीच्या कारखान्यात आमची भाषा हिंदी, बाजारात भाजी घेताना गुजराती, घरात मराठी आणि गावाहून आईचा फोन आला की त्या मराठीलाही गावाकडचा हेल! एका दिवसात एकाच माणसाची चार रूपे होतात. घरातली मुले ती पाहतात आणि एखादे दिवशी विचारून टाकतात की, यातले खरे बाबा कोणते?

यंदा स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एक माणूस आठवला. त्यांचा आवाज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. पहाटे रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, रामनवमीला देवळात आपण तो ऐकत आलो. पण आपण राहतो त्या सिल्वासाच्या मातीशी या माणसाचे काय नाते होते, हे आपल्यापैकी अनेकांना इथे वर्षानुवर्षे राहूनही ठाऊक नसते. ते म्हणजे सुधीर फडके, सर्वांचे बाबूजी.

बाबूजींचे मूळ नावही सुधीर नव्हते. 25 जुलै 1919 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाचे नाव रामचंद्र विनायक फडके. वडील वकील होते, घर सुस्थितीतले होते. गाण्याचे पहिले शिक्षण कोल्हापुरातच वामनराव पाध्ये यांच्याकडे झाले. मग आई गेली, घराची घडी विस्कटली आणि वकिलाच्या या मुलावर अन्नाला मोताद होण्याची पाळी आली. मुंबईत त्यांनी उपासमार सोसली. पुढे गाण्याचे कार्यक्रम करत ते उत्तरेत गावोगाव हिंडले. त्या भटकंतीची कहाणी त्यांनी 'जगाच्या पाठीवर' या आत्मचरित्रात लिहिली. ते आत्मचरित्र अपुरेच राहिले. पण ज्या तरुणाला दुसऱ्या वेळच्या जेवणाची खात्री नाही, त्याने मैफलीत बसताना चेहरा प्रसन्न ठेवायचा, हे शिक्षण त्यांना फार लवकर मिळाले असले पाहिजे.

1941 मध्ये ते एचएमव्ही कंपनीत आले. त्यानंतर प्रभात फिल्म कंपनीत संगीत दिग्दर्शक झाले आणि 1946 चा 'गोकुळ' त्यांच्या संगीताने सजला. 1949 मध्ये पार्श्वगायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या लग्नात मंगलाष्टके म्हटली ती महंमद रफी यांनी. पन्नाशीच्या दशकात तर मराठी चित्रपट म्हटला की ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींची चाल असे समीकरणच झाले. स्पष्ट शब्दोच्चार, संयत भाव आणि कुठेही आरडाओरडा नाही, अशी ती गाणी. ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची एक मूर्ती तयार झाली. हा माणूस मृदू, हळवा, भावगीते गाणारा. एवढेच रूप लोकांना दिसत होते.

दुसरे रूप होते ते आपल्या या भागाशी बांधलेले. 1954 साली भारत स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली होती. पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवर पोर्तुगीजांचा झेंडा तसाच होता. बाबूजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते आणि सावरकरांचे भक्त होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर वगैरे मित्रांबरोबर दादरा-नगर हवेली मुक्त करण्याच्या खटपटीत ते उतरले. वाकणकर आणि काजरेकर यांनी या प्रदेशात पुन्हा पुन्हा येऊन वाटा, नद्या, चौक्या यांची पाहणी केली. पण मोहिमेला पैसा लागतो, शस्त्रे लागतात. तो पैसा उभा करण्यासाठी बाबूजींनी आपले रोजचे साधनच कामी आणले. पुण्यात हिराबागेत लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम त्यांनी ठरवला. लताबाई गायल्या आणि त्या संध्याकाळची मिळकत मुक्तीच्या कामाकडे गेली. म्हणजे त्या दिवशी स्वरांनी जे कमावले, त्याचा काही वाटा आपल्या सिल्वासाच्या स्वातंत्र्यात आहे.

पुढे पावसाळा आला. इथला पाऊस आपल्याला माहीत आहे. दमणगंगा दुथडी भरून वाहू लागली की आजही पुलावरून जाताना छातीत धडकी भरते. त्या काळात रस्ते म्हणजे चिखलच. अशा दिवसांत वेगवेगळ्या विचारांचे गट या भूमीत उतरले. 22 जुलै 1954 ला युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या तरुणांनी दादरा मुक्त केले. 28 जुलैला आझाद गोमंतक दल आणि स्वयंसेवकांनी नरोली घेतली. साम्यवादी कार्यकर्ते आणि वारली बांधवही आपल्या परीने लढ्यात होते. ऑगस्ट उजाडताच पिपरियाकडून तीन बाजूंनी तुकड्या सिल्वासावर चालून आल्या आणि 2 ऑगस्टला इथे तिरंगा फडकला. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलच्या दिशेने पळाला आणि 11 ऑगस्टला उदवा इथे भारतीय पोलिसांना शरण आला. दादरा आणि नरोली मुक्त झाल्याच्या तारखांच्या मधोमध, 25 जुलैला बाबूजींना पस्तीस वर्षे पूर्ण झाली होती.

या मोहिमेतल्या माणसांची यादी पाहिली की आम्हाला नवल वाटते. हातात शस्त्र घेऊन चिखल तुडवणाऱ्या या मंडळींत व्यवसायाने शिपाई जवळजवळ कोणी नव्हता. त्यांत विश्वनाथ नरवणे होते. त्यांनी पुढे भारतीय भाषांचा व्यवहार कोश रचला. बाबासाहेब पुरंदरे होते. त्यांना महाराष्ट्राने शिवशाहीर म्हणून डोक्यावर घेतले. बिंदुमाधव जोशी होते. त्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. आणि चित्रपटांना संगीत देणारे बाबूजी होते. शब्दकोश, शिवचरित्र, ग्राहकाचे हक्क आणि भावगीत! ही चार रूपे पाहून कोणाला वाटेल की हे चौघे एका पावसाळ्यात सिल्वासाच्या वाटेवर होते?

इथे एक प्रश्न मनात येतो, तो टाळता येत नाही. चारचौघांत एक चेहरा आणि आत दुसरा, असे वागणाऱ्याला आपण एरवी दुतोंडी म्हणतो. मग बाबूजींचे हे दुसरे रूप लपून राहिले, त्याला काय म्हणायचे? आम्हाला वाटते, फरक हेतूत आहे. दुतोंडी माणूस दुसरा चेहरा ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, आणि त्याचा तोटा समोरच्याला होतो. बाबूजींच्या बाबतीत जो काही तोटा व्हायचा तो त्यांचाच होता. पोर्तुगीजांची गोळी लागली असती तर ती त्यांना. ऐन बहरातले काम हातून गेले असते तर ते त्यांचे. मोहीम उघड करून चालणारी नव्हती, म्हणून ती गुप्त राहिली.

याच लढ्यातला आणखी एक माणूस आठवतो. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मोहन रानडे या नावाने मराठी शिक्षक म्हणून गेले. दिवसा शाळेत मुलांना शिकवायचे आणि आतून आझाद गोमंतक दलाचे काम करायचे. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीतही त्यांचा सहभाग होता. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले आणि त्यांना 26 वर्षांची शिक्षा झाली. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून पाठपुरावा करणारे बाबूजीच होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी त्यासाठी थेट पोपकडे रदबदली केली आणि 1969 च्या जानेवारीत रानडे सुटले. जो माणूस एका मित्रासाठी वर्षानुवर्षे असा झटतो, त्याचे 1954 मधले धाडस हे तात्पुरते सोंग नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

आता यापुढची गोष्ट आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते. सिल्वासा मुक्त झाले 2 ऑगस्ट 1954 रोजी. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला. मधे आठ महिनेसुद्धा पुरे झाले नाहीत! आठवड्याला एक गाणे याप्रमाणे वर्षभर ही मालिका चालली आणि माडगूळकरांच्या 56 गीतांना बाबूजींनी चाली लावल्या. मुक्तिसंग्रामातून आलेल्या या माणसाने चाली लावल्या त्या पुत्रवियोगाच्या, भावाच्या प्रेमाच्या, वनवासाच्या. आकाशवाणीवर ही गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे रंगमंचावर मात्र बाबूजी एकटेच सर्व गात असत. एका बैठकीत ते दशरथ होत, कौसल्या होत, भरत होत, सीता होत, हनुमान होत. आवाज एकच, पण श्रोत्यांना प्रत्येक वेळी नवे माणूस भेटे. गाताना त्यांनी कधी सोंग आणल्यासारखे वाटत नसे, कारण प्रत्येक भूमिकेत ते मनापासून शिरत आणि शब्दाशी इमान सोडत नसत.

आम्हाला वाटते, आपल्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. माणसाची रूपे अनेक असली म्हणून तो खोटा ठरत नाही. सर्व रूपांतून एकच सूत ओवलेले असले म्हणजे झाले. बाबूजींच्या बाबतीत ते सूत म्हणजे ज्यावर श्रद्धा ठेवली त्यासाठी पदरचे घालणे. त्याचा शेवटचा पुरावा त्यांनी म्हातारपणी दिला. सावरकरांवरचा चित्रपट काढायचा ध्यास त्यांनी घेतला. लोकवर्गणीतून पैसा जमवत वर्षांमागून वर्षे गेली. 2001 मध्ये 'वीर सावरकर' पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी 29 जुलै 2002 रोजी बाबूजी गेले. वय 83. ज्या आठवड्यात जन्मले, ज्या आठवड्यात नरोली मुक्त झाली, त्याच आठवड्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या या प्रदेशानेही एकाच वेळी दोन रूपे जगून दाखवली आहेत. 1954 ते 1961 अशी सात वर्षे इथला कारभार आपल्याच माणसांच्या वरिष्ठ पंचायतीच्या हाती होता, आणि पोर्तुगाल मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयात हा मुलूख आपलाच म्हणून भांडत होता. अखेर 1961 च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन होण्यासाठी करारावर सही करायला इथे सरकारचा प्रमुख हवा होता. तेव्हा के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करार केला. सकाळी अधिकारी, दुपारी पंतप्रधान असे म्हणून कोणी हसेल. पण त्या एका दिवसाच्या टोपीने आपल्या सर्वांचा पत्ता कायमचा भारतात लिहिला गेला.

म्हणून यंदा मुलांनी विचारले तर आम्ही त्यांना सांगणार आहोत. कंपनीत हिंदी बोलणारे बाबाही खरे आणि मंडपात ढोल बडवणारे बाबाही खरे. गावाकडच्या आजीशी बोलताना जीभ आपोआप वळते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती एकाच गोष्टीची. एका रूपात दिलेला शब्द दुसऱ्या रूपात विसरण्याची. आरतीला टाळ वाजवणाऱ्या हातानेच दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात कचरा ढकलला, तर चूक रूपे बदलण्यात नाही, मधले सूत तुटण्यात आहे.

यंदा मंडपात सकाळी बाबूजींचे गाणे लागेल. ते ऐकताना क्षणभर थांबा. हा आवाज ज्याचा, तो माणूस पुढच्या पिढ्यांनी इथे निर्धास्त राहावे म्हणून एका भर पावसाळ्यातल्या लढ्यात सामील झाला होता. मग गाणे थोडे वेगळे ऐकू येईल. आम्हाला तरी आले.

गणपती बाप्पा मोरया!