कॅप्टन रूपसिंह

नर्मदेकाठच्या जबलपूर शहरात एकीकडे ओमतीसारखी गजबजलेली वस्ती आहे, तर दुसरीकडे लष्कराची छावणी. याच शहरात १९०८ साली रूपसिंह यांचा जन्म झाला. त्यांचे वडील इंग्रजांच्या सैन्यात होते. वडिलांच्या बदल्यांमुळे हे कुटुंब गावोगाव फिरले व अखेरीस झाशीस स्थिरावले. थोरले बंधू ध्यानचंद यांच्याप्रमाणेच रूपसिंहही हॉकीत रमले.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. परदेशी नेण्याजोगे कपडे नसल्यामुळे ते जाण्यास तयार नव्हते. तेव्हा ध्यानचंदांनी त्यांना कपडे घेऊन दिले, असे सांगतात. या स्पर्धेत भारताने अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळवला. त्यांपैकी १० गोल एकट्या रूपसिंहांचे, तर ८ ध्यानचंदांचे होते. भारताला सुवर्णपदक मिळाले. १९३६ साली बर्लिन येथेही दोघे बंधू सुवर्णपदक विजेत्या संघात होते.

रूपसिंह ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या सैन्यात होते. ‘कॅप्टन’ हे पद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. ध्यानचंदांना १९५६ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांचा जन्मदिवस आज राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. रूपसिंहांच्या वाट्याला मात्र तेवढी कीर्ती आली नाही. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

खेळाडू मैदान सोडतो, तेव्हा त्याचा मान कसा राखावा? अमेरिकेतील बेसबॉल संघ आपल्या थोर खेळाडूच्या सदऱ्यावरील क्रमांक त्याच्या निवृत्तीनंतर दुसऱ्या कोणालाही देत नाहीत. न्यूयॉर्क यांकीज संघाने १९३९ साली लू गेरिग यांचा ४ हा क्रमांक असाच राखून ठेवला. भारतीय हॉकीतही २०२४ साली गोलरक्षक श्रीजेश यांच्या १६ या क्रमांकाला हा मान मिळाला.

रूपसिंहांचा गौरव निराळ्या रीतीने झाला. ग्वाल्हेरच्या हॉकी मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे तेथे क्रिकेट खेळले जाऊ लागले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक याच मैदानावर झळकावले. २०१२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक विशेष नकाशा निघाला. त्यात स्थानकांना ऑलिंपिकवीरांची नावे दिली होती. त्यांत ध्यानचंदांबरोबर रूपसिंहांचेही नाव होते.

मैदानावरचा खेळ बदलला, तरी नाव टिकून राहिले. परंतु केवळ फलकावरील अक्षरांनी स्मृती जिवंत राहत नाही. ज्याच्या नावाचे मैदान आहे त्याचे कर्तृत्व पुढच्या पिढीला सांगणे, हाच त्या खेळाडूचा खरा सन्मान होय.