विनू मांकड आणि मी न दिलेला आऊट

स्मरणिकेसाठी आवडत्या खेळाडूवर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी गावसकर किंवा कपिलदेववर लिहीन, असे अनेकांना वाटले असेल. आपली बॅच १९८४ ची, विश्वचषकाच्या धुंदीत दहावी झालेली. पण मी लिहितो आहे विनू मांकड यांच्यावर. कारण शेवटी कळेल.

मूळवंतराय हिंमतलाल मांकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ चा, जामनगरचा. उजव्या हाताने फलंदाजी, डाव्या हाताने फिरकी. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळीही घेतले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात इंग्लंडचे १२ बळी एकट्या मांकडांचे. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय ९७ षटके टाकली. १९५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा करताना पंकज रॉय यांच्यासोबत ४१३ धावांची सलामी दिली. तो विक्रम ५२ वर्षे टिकला. ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते खेळले. म्हणजे जिथे गरज पडेल तिथे उभा राहणारा माणूस.

एवढे करूनही जगाने त्यांचे नाव जोडले ते एका धावबादशी. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. बिल ब्राऊन हा फलंदाज गोलंदाजाच्या बाजूला उभा असताना चेंडू पडण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकायचा. सिडनीच्या एका सामन्यात मांकडांनी त्याला आधी समज दिली, तरी तो सुधारला नाही तेव्हा बेल्स उडवल्या. पुढे डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत तेच पुन्हा घडले. अंपायरने आऊट दिला, ब्राऊन तंबूत परतला आणि खेळ पुढे सुरू राहिला. आरडाओरड झाली ती वर्तमानपत्रांत. तिथल्या पत्रकारांनी मांकडांच्या नावाचे क्रियापदच करून टाकले. खुद्द ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन याने आपल्या आत्मचरित्रात मांकडांची बाजू घेतली, पण चिकटलेला शिक्का निघाला नाही. त्याच दौऱ्यात मेलबर्नला मांकडांनी दोन शतके ठोकली, हे किती जणांना आठवते?

१९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत ते गेले. वानखेडेजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. दहावीच्या वर्षी 'अ' आणि 'ब' तुकडीची मॅच झाली होती, आठवते? चष्म्यामुळे मला कोणी संघात घेत नसे, म्हणून मी अंपायर. शेवटच्या षटकात 'ब' च्या गोलंदाजाने धाव थांबवून माझ्या बाजूच्या बेल्स उडवल्या. 'अ' चा गडी दोन पावले बाहेर होता. मी ते स्पष्ट पाहिले होते. अपील झाले. मी हात वर केला नाही, नॉट आऊटही म्हटले नाही, नुसता काळ्या मातीकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात कोणीतरी रडीचा डाव म्हणून ओरडले, शिवी आली, कॉलर धरली गेली, बॅट उचलली गेली. सर धावत आले म्हणून डोके फुटले नाही. त्या दोघांची नावे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. एका बाकावर बसणारे ते दोघे त्यानंतर बोलले नाहीत. गोलंदाजाला रड्या हे नाव चिकटले, ते गाव सुटेपर्यंत.

पुढे पंचवीस वर्षे मी हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या स्पर्धांत अंपायरिंग केले. त्यातून एक शिकलो. अपील झाले की निर्णय ताबडतोब आणि सगळ्यांना दिसेल असा द्यावा. खेळाडू एकमेकांवर धावले तर आधी खेळ थांबवावा, दुसऱ्या अंपायरला बोलवावे. भांडणाऱ्यांशी हुज्जत घालू नये, त्यांच्या कर्णधारांशी बोलावे. कोण चांगला, कोण वाईट हे ठरवत बसू नये. काय घडले तेवढेच सांगावे. २०१७ पासून नियमांत हे पायरीपायरीने लिहिलेले आहे. किरकोळ गैरवर्तनाला पहिल्यांदा ताकीद, पुन्हा घडले तर समोरच्या संघाला पाच धावा. मारण्याची धमकी दिली तर काही षटके मैदानाबाहेर. हात उचलला तर उरलेल्या सामन्यातून बाहेर. खेळाडूला बाहेर काढायला कर्णधाराने नकार दिला, तर सामना समोरच्या संघाला. शिक्षा कडक आहे, पण तिचा उपयोग निर्णय वेळेवर देणाऱ्यालाच. अंपायर गप्प बसला की निवाडा जमाव करतो, आणि जमावाचा निवाडा खेळाडूला जन्मभर वागवावा लागतो.

२०२२ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने हा प्रकार 'अनुचित खेळ' या नियमातून काढून साध्या 'धावबाद' च्या नियमात टाकला. मांकडांना न्याय मिळाला, पण पंचाहत्तर वर्षांनी. आपल्याला एवढा वेळ नाही.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर छापून सांगतो. तो आऊट होता. गोलंदाजाची चूक नव्हती, बाहेर उभ्या असलेल्या गड्याने फसवले असेही नाही. त्या वयात सगळेच दोन पावले पुढे सरकतात. चूक माझी होती. दोघेही मेळाव्याला येणार आहेत असे कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच ठेवली आहे म्हणतात. दोघांनी एकाच संघातून खेळावे, एवढी विनंती. अंपायर म्हणून मी उभा राहीन, आणि यावेळी हात वर करायला उशीर करणार नाही.